मतदाराच्या पुढचा मतदार

वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला किंवा अनसिंगला राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला पाच वर्षांत किती मतं येतात, ते एकदा मोजून पाहावं. ग्रामपंचायतीत आपल्या वॉर्डाच्या सदस्यांसाठी आणि त्याच दिवशी सरपंचासाठी. पंचायत समितीच्या गणासाठी एक, जिल्हा परिषदेच्या गटासाठी एक. मग आमदार आणि खासदार. इथं त्याच्या बोटावरची शाई संपते. पंचायत समितीचा सभापती, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, बाजार समितीचा सभापती, विधान परिषदेवर स्थानिक संस्थांनी पाठवलेला आमदार, मुख्यमंत्री, पंतप्रधान आणि राष्ट्रपती यांच्यापैकी एकाही नावापुढचं बटण त्याला दाबता येत नाही. तिथं मत देतो तो त्यानं निवडून दिलेला माणूस. मतदाराच्या पुढे आणखी एक मतदार उभा असतो.

या मधल्या मतदाराला ठेवावं की काढावं, हा वाद दर चार वर्षांनी अमेरिकेतून ऐकू येतो आणि आपण तो परक्या घरातलं भांडण म्हणून ऐकतो. प्रत्यक्षात महाराष्ट्राइतकी या प्रश्नावर उलटसुलट पावलं टाकलेलं दुसरं राज्य शोधावं लागेल, आणि वाशिम जिल्ह्यानं तर त्याची जवळजवळ प्रत्येक तऱ्हा अंगावर घेतली आहे.

सुरुवात जिल्हा परिषदेपासून करू. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वाशिम वेगळा जिल्हा झाला: वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके, आणि जिल्हा परिषदेचे ५२ गट. अध्यक्षाला निवडणारे मतदार एवढेच, ५२. त्यातले २७ हात वर गेले की सहा तालुक्यांच्या शाळा, दवाखाने, रस्ते आणि पाणी योजना पाहणाऱ्या संस्थेचा प्रमुख ठरतो. मतदान गुप्त नसतं. सभागृहात पीठासीन अधिकाऱ्यासमोर हात उंचावून ते होतं, त्यामुळे कोणी कोणाला मत दिलं हे सगळ्यांना दिसतं.

ही रचना ज्या कायद्यातून आली तो १९६१चा, आणि त्यामागची समिती होती वसंतराव नाईकांची. नाईक शेजारच्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला जमणाऱ्या बंजारा समाजात आजही त्यांचं नाव घरच्या माणसासारखं घेतलं जातं. १ मे १९६२ला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्ह्याचा कारभार कलेक्टर कचेरीतून काढून लोकांनी निवडलेल्या माणसांकडे द्यायचा, हे समितीचं मोठं पाऊल होतं. अध्यक्षानं सभागृह चालवायचं, विषय समित्यांना सोबत घ्यायचं, अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचं. सभागृह सोबत नसेल तर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून त्याला सभागृहानंच निवडावं, या म्हणण्याला तेव्हाही आधार होता आणि आजही आहे.

एक गोष्ट मात्र फारशा लोकांना ठाऊक नसते. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं हा प्रश्न राज्यांच्या हातून काढून घेतला. घटनेचं कलम २४३-सी सांगतं, की गावपातळीवरच्या पंचायतीचा प्रमुख कसा निवडायचा ते राज्यानं ठरवावं. मधल्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर मात्र तो निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडावा. म्हणजे मुंबईच्या विधिमंडळाला सरपंच थेट करता येतो, नगराध्यक्ष थेट करता येतो, पण वाशिमच्या जिल्हा परिषदेचा अध्यक्ष थेट करता येत नाही. त्यासाठी दिल्लीत घटना बदलावी लागेल.

मग लोकांना ही पद्धत का खुपते? कारण त्यांना हात वर होण्याचा दिवस दिसत नाही, दिसतात ते त्याआधीचे पंधरा दिवस. निकाल लागला, आकडा काठावर आला की सदस्य गावातून नाहीसे होतात. पेपरात बातमी येते: सदस्य ‘अज्ञात स्थळी’ रवाना. गावकरी त्याला सरळ ‘सहल’ म्हणतात. पाण्याची टाकी कधी भरणार हे ज्याला विचारायचं तो माणूस कुठल्याशा रिसॉर्टवर, फोन दुसऱ्याच्या हातात. मतदानाच्या सकाळी गाडीतून थेट सभागृहात. ज्यानं त्याला मत दिलं त्याच्या मनात येतं, की मी माझं मत दिलं होतं, विकायला कोणी सांगितलं?

त्यात अध्यक्षपदाची मुदत अडीच वर्षांची आणि आरक्षण सोडतीनं फिरणारं. आरक्षणाची गरज मला पूर्ण मान्य आहे. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत नेणारी दुसरी वाट या राज्यात बनली नव्हती. पण ५२ जणांच्या सभागृहात सोडत ज्या प्रवर्गाची निघते त्याचे सदस्य कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि तेही नेमके बहुमत असलेल्या पक्षाकडे नसले तर त्या चार-दोन माणसांभोवती साऱ्या जिल्ह्याचं राजकारण गोळा होतं. पळवापळवीचं मूळ बरेचदा माणसांच्या हावेइतकंच या गणितातही असतं.

आणि हे ५२ मतदार तरी पक्के कुठं असतात? वाशिम जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२०मध्ये झाली. आरक्षण एकूण ५० टक्क्यांच्या पुढे गेलं म्हणून वाशिममधूनच एक याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. ४ मार्च २०२१ला विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्याचा निकाल लागला. इतर मागासवर्गाचं आरक्षण देण्याआधी स्वतंत्र आयोग, त्यानं गोळा केलेली माहिती आणि ५० टक्क्यांची मर्यादा, अशा तीन अटी न्यायालयानं पुन्हा ठळक केल्या. देशभर ‘ट्रिपल टेस्ट’ म्हणून जी चर्चा झाली तिच्या मुळाशी हा वाशिमचा खटला आहे. जिल्ह्यात त्याचा परिणाम असा, की अध्यक्ष निवडणाऱ्या ५२ पैकी १४ जणांचं सदस्यत्व एका निकालानं गेलं. त्या जागांची पोटनिवडणूक ५ ऑक्टोबर २०२१ला झाली. मधले सात महिने त्या १४ गटांमधल्या लोकांच्या वतीनं सभागृहात हात वर करायला कोणी नव्हतं.

मधल्या मतदाराचा सर्वांत कच्चा दुवा इथं दिसतो. तो आजारी पडला, अपात्र ठरला, त्याची निवडणूकच झाली नाही, तर त्याच्या मागे उभे असलेले हजारो लोक एकदम मुके होतात.

हा मुद्दा विदर्भातल्या एका माणसानं फार पूर्वी थेट सर्वोच्च न्यायालयात नेला होता. डॉ. नारायण भास्कर खरे हे नागपूरचे डॉक्टर, १९३७मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे मुख्यमंत्री. तेव्हाच्या भाषेत पंतप्रधान. वाशिम त्या वऱ्हाडातच होतं. विधिमंडळ पक्षानं निवडलेल्या खऱ्यांना १९३८मध्ये काँग्रेस कार्यकारिणीशी झालेल्या भांडणात पद सोडावं लागलं आणि रविशंकर शुक्ल त्यांच्या जागी आले. आमदारांनी निवडलेला नेता नेमका कोणाला बांधील, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या कातडीवर सोसला होता. पुढे १९५७मध्ये राष्ट्रपतीची निवडणूक जाहीर झाली तेव्हा हिमाचल आणि पंजाबातल्या काही जागांच्या निवडणुका व्हायच्या होत्या. मतदारच पुरे नाहीत तर राष्ट्रपती निवडायचा कसा, असं म्हणत खऱ्यांनी न्यायालयाचं दार ठोठावलं. निवडणूक पार पडण्याआधी अशी याचिका ऐकता येत नाही, असं सांगून ती फेटाळली गेली. पण त्यांच्या शंकेत दम होता, कारण १९६१मध्ये संसदेनं अकरावी घटनादुरुस्ती केली आणि मतदारगणात जागा रिकामी होती एवढ्या कारणानं राष्ट्रपतीच्या निवडीला आव्हान देता येणार नाही, असं लिहून टाकलं. १९७४मध्ये गुजरातची विधानसभा बरखास्त असतानाही राष्ट्रपती निवडले गेले. २०२२मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभा नव्हती, म्हणून खासदाराच्या मताचं मूल्य ७०८ वरून ७०० वर आलं. खऱ्यांचा प्रश्न कायद्यानं मिटवला. सुटला असं मला वाटत नाही.

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत वाशिमचं वजन किती, तेही पाहू. आमदाराच्या मताचं मूल्य काढण्याची रीत साधी आहे: राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, आणि आलेला आकडा भागिले हजार. महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार, आमदार २८८, मूल्य १७५. रिसोड, वाशिम आणि कारंजा या तीन मतदारसंघांचे मिळून ५२५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ चं, सिक्कीमच्या आमदाराचं ७ चं.

पण महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी? होय, १९७१ची. ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून हा आकडा गोठवला, आणि २००१च्या ८४व्या घटनादुरुस्तीनं तो २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसाच ठेवला. वाशिम जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती; एका आमदाराच्या मागे चार लाख माणसं आणि मताचं मूल्य पावणेदोन लाखांचं. यात वाशिमवर वेगळा अन्याय नाही, सगळ्याच राज्यांचा काटा त्याच वर्षी थांबलेला आहे. तरीही पन्नास वर्षांहून जुन्या शिरगणतीवर देशाचा प्रथम नागरिक निवडला जातो, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळक छापायला हवी.

मग राष्ट्रपती थेट का नको? घटना समितीत प्रा. के. टी. शहांनी प्रौढ मतदानानं थेट निवडीची दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. मतदारांची संख्या प्रचंड, यंत्रणा अपुरी, ही कारणं होतीच. पण मुख्य कारण असं, की आपला राष्ट्रपती नामधारी. खरी सत्ता पंतप्रधानाची आणि मंत्रिमंडळाची. ज्याला हुकूम सोडायचा अधिकार नाही त्याला कोट्यवधी लोकांकडून कौल घ्यायला लावलं, तर एक दिवस तो कौल दाखवून तो पंतप्रधानासमोर उभा राहील. यंत्रणेचं कारण आज उरलेलं नाही, ९७ कोटींच्या यादीवर आपण लोकसभा निवडतो. दुसरं कारण मात्र जराही जुनं झालेलं नाही, आणि मला ते पटतं.

शिवाय आमदार-खासदाराच्या मताला इथं एक मोकळीक आहे. मतदान गुप्त, आणि पक्षाचा व्हीप लागू नाही. २००७ची निवडणूक आठवावी. प्रतिभाताई पाटील जळगाव जिल्ह्यातल्या, सासर अमरावतीचं, अमरावतीच्या खासदारही राहिलेल्या. समोर भैरोंसिंह शेखावत. शिवसेना तेव्हा भाजपसोबतच्या आघाडीत होती, तरी मराठी उमेदवार म्हणून तिनं प्रतिभाताईंना मत दिलं. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ असा निकाल लागला. थेट निवडणुकीत या दोघांना देशभर सभा घेत फिरावं लागलं असतं, पैसा उभा करावा लागला असता, आणि जिंकणाऱ्याला आपण निम्म्या देशाचे उमेदवार आहोत हे विसरता आलं नसतं.

पण हीच गुप्तता खालच्या पातळीवर आणली की तिचा रंग बदलतो. विधान परिषदेचा अकोला-वाशिम-बुलढाणा हा स्थानिक प्राधिकारी मतदारसंघ घ्या. मतदार कोण, तर जिल्हा परिषदेचे सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती, नगरसेवक. डिसेंबर २०२१मध्ये इथं ८०८ जणांनी मत दिलं. भाजपचे वसंत खंडेलवाल ४४३ मतं घेऊन जिंकले, याआधी तीनदा निवडून आलेले शिवसेनेचे गोपीकिशन बाजोरिया ३३४ वर थांबले. आणि ३१ मतं बाद झाली. पुन्हा वाचा: ३१. मतदार अडाणी नव्हते, प्रत्येक जण स्वतः निवडून आलेला होता. राष्ट्रपती भवनात बसणाऱ्याशी आमदाराचं रोजचं देणंघेणं नसतं, म्हणून तिथं गुप्त मत त्याला पक्षाच्या धाकातून सोडवतं. नगरसेवकाचं गुप्त मत त्याला फक्त त्याच्या वॉर्डापासून सोडवतं. अनसिंगच्या माणसानं दिलेल्या मताचं पुढं काय झालं, हे त्याला कधीच कळत नाही. या मतदारसंघांची आज गरज काय, याचं समाधानकारक उत्तर मला कुठं मिळालेलं नाही.

आता थेट निवडीकडे. नगराध्यक्षाच्या बाबतीत महाराष्ट्राचा प्रवास असा: १९७४मध्ये एकदा थेट, मग नगरसेवकांतून, २००१मध्ये विलासराव देशमुखांच्या काळात पुन्हा थेट, २००६ला पुन्हा नगरसेवकांतून, २०१६ला देवेंद्र फडणवीसांच्या सरकारनं थेट, २०२०ला महाविकास आघाडीनं नगरसेवकांतून, आणि २०२२च्या जुलैत एकनाथ शिंदेंच्या सरकारनं परत थेट. सरपंचाचंही २०१७, २०२० आणि २०२२ असंच. २०२०मध्ये तर राज्यपालांनी वटहुकमावर सही केली नाही आणि सरकारला विधेयक आणावं लागलं. प्रत्येक वेळी लोकशाहीचं कारण दिलं गेलं. पण ज्या पक्षाचा राज्यभर चालणारा चेहरा आणि चिन्ह जोरात त्याला थेट निवड सोयीची, आणि ज्याची गावोगावची माणसं पक्की त्याला सदस्यांतून निवड सोयीची, हे यातून सरळ दिसतं. बाजार समितीतही हेच घडलं: २०१७मध्ये किमान १० गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला मताचा हक्क मिळाला, २०२०मध्ये गेला. कारंजाच्या यार्डात सोयाबीन आणि तूर घेऊन येणारा शेतकरी मग पुन्हा सेवा सोसायटीच्या आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

थेट निवडीनं सहल थांबते, हे खरं, आणि ती थोडीथोडकी गोष्ट नाही. २०१६च्या अखेरीस वाशिम शहरानं आपला नगराध्यक्ष थेट निवडला तेव्हा कोणाला रिसॉर्ट शोधावा लागला नाही. पण त्याच फेरीत राज्यात अनेक ठिकाणी नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं झालं. अध्यक्षानं विषय ठेवायचा, सभागृहानं पाडायचा, मुख्याधिकाऱ्यानं दोघांकडे पाहायचं. गावात हे आणखी जवळून दिसतं. थेट सरपंचाला हटवायला तीन-चतुर्थांश सदस्यांचा अविश्वास ठराव, आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानानं त्यावर शिक्कामोर्तब, अशी तरतूद २०१७च्या कायद्यात आली. मला ती फार शहाणपणाची वाटते. ज्यांनी बसवलं त्यांनीच उठवायचं. गावाला ग्रामसभा आहे म्हणून ते जमतं. शहराला अशी सभा नाही. तिथं थेट नगराध्यक्षाला लोकांनीच परत बोलावण्याचा रस्ता महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारनं बांधला नाही.

अमेरिकेचं उदाहरण या तराजूत ठेवून पाहावं. तिथले ५३८ निर्वाचक एकदा मत देतात आणि घरी जातात. ज्याला निवडलं त्याच्यासोबत त्यांना एक दिवसही काम करायचं नसतं. पक्षानं सांगितलेल्या नावालाच मत द्या, अशी सक्ती राज्य करू शकतं, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये एकमतानं सांगितलं. म्हणजे निर्वाचकाला डोकं वापरायची मुभा नाही आणि नंतरची जबाबदारीही नाही. उरतं ते फक्त राज्यवार गणित, आणि त्या गणितानं २०००मध्ये आणि २०१६मध्ये कमी मतं मिळालेला उमेदवार अध्यक्ष केला. २०१६मध्ये हा फरक २८ लाखांहून जास्त मतांचा होता. इतकी सत्ता हातात असलेला माणूस असा निवडायचं कारण मला दिसत नाही. तिथला मधला मतदार काढावा.

वाशिमच्या जिल्हा परिषदेतला मधला मतदार मात्र वेगळा आहे. तो ज्याला निवडतो त्याच्याच शेजारी त्याला पुढे सभागृहात बसायचं असतं, त्याच्याकडून आपल्या गटातल्या रस्त्याचा निधी मिळवायचा असतो, नाही पटलं तर त्याच्यावर अविश्वास आणायचा असतो. हात उघडा वर करायचा असतो, म्हणून गटातल्या लोकांना त्याला जाब विचारता येतो. हा मतदार ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बदलायचं ते त्याच्याभोवतीचं. निकाल आणि अध्यक्षाची निवड यांच्यातले दिवस आठवड्याच्या आत आणावेत म्हणजे सहलीला वेळच उरणार नाही. अध्यक्षपदाचं आरक्षण गटांच्या आरक्षणाबरोबर जाहीर व्हावं, म्हणजे मत देतानाच मतदाराला कळेल की आपल्या गटातून अध्यक्ष होऊ शकतो की नाही. आणि अडीच वर्षांऐवजी पूर्ण मुदत द्यावी. अडीच वर्षांत पहिलं वर्ष शिकण्यात जातं आणि शेवटचे सहा महिने पुढच्या जुळवाजुळवीत.

हे सगळं करायला आधी ५२ माणसं लागतात. जानेवारी २०२५मध्ये वाशिम जिल्हा परिषदेची मुदत संपली तेव्हा नवे सदस्य निवडलेले नव्हते, आणि कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे प्रशासक म्हणून गेला. नगरपरिषदांनी हे त्याआधीच भोगलं होतं; डिसेंबर २०२५मध्ये २८८ नगरपरिषदा आणि नगरपंचायतींची निवडणूक झाली तेव्हा त्यातल्या बहुतेक ठिकाणी प्रशासकाला काही वर्षं झाली होती. अधिकारी चांगला असेल, मेहनती असेल. पण त्याला निवडणारा थेट मतदारही नाही आणि मधला मतदारही नाही. शेलूबाजारच्या माणसानं आपल्या गटाचा प्रश्न घेऊन वाशिमला यायचं म्हटलं, तर त्या सभागृहात त्याच्या नावाची खुर्ची आहे, तिच्यावर बसायला कोणी नाही.